मुलांना सिनेमा पाहायला शिकवू या
(राज्याच्या शालेय शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र)

मा. शालेय शिक्षणमंत्री,
महाराष्ट्र राज्य



मी माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. दहावीच्या मुलांकडून दर वर्षी कवितेचे रसग्रहण लिहून घेते. कवीने हीच प्रतिमा का निवडली, ओळ इथेच का तोडली, शेवटच्या कडव्यात सूर का बदलला, हे त्यांना विचारते. मुले आधी अडखळतात, मग हळूहळू बोलू लागतात. वर्षाच्या शेवटी निदान काही जणांना तरी कळलेले असते की कवितेत जे सांगितले आहे ते आणि ते जसे सांगितले आहे ते, ही दोन्ही एकमेकांपासून सोडवता येत नाहीत.

हीच मुले रोज हलती चित्रे पाहतात. टीव्हीवर, आईच्या मोबाइलवर, गावात जत्रेच्या वेळी लागणाऱ्या पडद्यावर. कविता त्यांना शाळेतच भेटते. सिनेमा शाळा सोडून सगळीकडे भेटतो. आणि नेमके त्याच्याबद्दल आम्ही शिक्षक गप्प असतो. ‘कसा होता?’ असे विचारले तर ‘भारी होता’ किंवा ‘बोअर होता’ एवढेच उत्तर येते, कारण पुढचे शब्द त्यांना कुणी दिलेलेच नाहीत.

माझी विनंती साधी आहे. आठवी ते दहावीच्या मराठीच्या अभ्यासक्रमात चित्रपटाच्या आस्वादासाठी दर वर्षी काही तासिका ठेवा. त्यांना गुण ठेवू नका. आणि त्या घेण्यासाठी शिक्षकांना तयार करा.

ही मागणी महाराष्ट्रात करावी लागावी, याचे मला मनापासून वाईट वाटते. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमात ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला, ही तारीख आमची मुले सामान्य ज्ञानासाठी पाठ करतात. दादासाहेब फाळक्यांचे नाव त्यांना येते, फाळक्यांचे काम त्यांनी पाहिलेले नसते. भांडवल उभे करायचे होते तेव्हा फाळक्यांनी वाटाण्याला कोंब फुटून त्याचे रोप होईपर्यंतची वाढ कॅमेऱ्यात टिपली. कित्येक दिवस, रोज थोडी थोडी. पडद्यावर ते रोप बघता बघता वर आले. सिनेमात काळ आवळता येतो, ताणता येतो, ही या कलेची मुळाक्षरे त्या छोट्या प्रयोगात आहेत. आज कोणताही विद्यार्थी खिडकीत मोड आलेली मटकी ठेवून मोबाइलवर हा प्रयोग करू शकतो. विज्ञानाच्या बाई आणि मराठीच्या बाई दोघींनी मिळून घ्यावा असा तो पाठ आहे.

१९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये तर फाळक्यांनी आणखी सुंदर गोष्ट केली आहे. कथा सुरू होण्यापूर्वी त्यांची लहानगी लेक मंदाकिनी पडद्यावर येते. कृष्ण म्हणून नव्हे, एक साधी मुलगी म्हणून. ती कॅमेऱ्यापुढे एकामागून एक भाव करून दाखवते, आणि मग तिचाच कृष्ण होतो. थिएटरात आलेला प्रेक्षक देवदर्शनाच्या भावनेने आलेला असणार, हे फाळक्यांना ठाऊक होते. तरीही आधी त्यांनी त्याला चेहऱ्याची कारागिरी दाखवली आणि मगच देव दाखवला. त्याच्या दोन वर्षे आधी चित्रपट कसे तयार होतात हे दाखवणारा एक छोटा चित्रपटही त्यांनी केला होता, आणि ‘नवयुग’ मासिकात चित्रपटावर लेखमाला लिहिली होती. ज्या माणसाने आपल्याकडे सिनेमा आणला त्यालाच प्रेक्षक घडवण्याची एवढी ओढ होती. शंभर वर्षांनंतर ते काम शाळेने हाती घेतले तर ते फाळक्यांचेच अर्धे राहिलेले काम असेल.

शाळेत चित्रपट दाखवलेच जात नाहीत, असे मी म्हणत नाही. राष्ट्रीय सणाच्या आधी दाखवतात, बालदिनाला दाखवतात. मग फळ्यावर प्रश्न येतो : ‘या चित्रपटातून तुम्ही काय बोध घेतला?’ महोदय, या एका प्रश्नाने खूप नुकसान केले आहे. आचार्य अत्र्यांच्या ‘श्यामची आई’ला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले, हे आपण अभिमानाने सांगतो. तो दाखवून झाला की मुले लिहितात, ‘आईची आज्ञा पाळावी.’ एवढेच सांगायचे असते तर अत्र्यांनी एक सुविचार लिहिला असता. आई रागावते तेव्हा आपल्याला तिचा चेहरा दिसतो की श्यामचा, दृश्य किती वेळ थांबते, कुठे कुणी काहीच बोलत नाही, हे विचारले की मुलांची मान वर होते. कारण आता त्यांना जे विचारले जाते आहे त्याचे उत्तर त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असते. ते गाईडमध्ये मिळत नाही.

हे वर्गात कसे घडते, ते एका उदाहरणाने सविस्तर सांगते. नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’ आपण पाहिला असेल अशी आशा आहे. त्यात शाळेजवळ जब्या या मुलाचे कुटुंब डुकराच्या मागे धावते आहे. गाव बघते आहे, हसते आहे. डुक्कर आता हाती लागणार, तेवढ्यात शाळेतून राष्ट्रगीताचे सूर येतात. जब्या उभा राहतो, घरचेही जागच्या जागी उभे राहतात. डुक्कर तेवढे चालत राहते.

मी नववीच्या वर्गाला एवढाच तुकडा दाखवला. मुले आधी हसली. मी थांबले, आणि तोच तुकडा पुन्हा लावला. दुसऱ्यांदा हसू कमी झाले. मग विचारले, ‘या दृश्यात आवाज कुठून येतो आहे?’ शाळेतून. ‘शाळा दिसते का? आणि जब्या शाळेच्या आत आहे की बाहेर?’ वर्ग शांत झाला. एक मुलगी म्हणाली, ‘बाई, शाळेत असता तर तो रांगेत उभा असता. इथे तो एकटाच उभा आहे.’ दिग्दर्शकाने एकाही पात्राच्या तोंडी घातलेले नाही असे काही तिने पाहिले होते. आवाज एका ठिकाणचा आणि माणूस दुसऱ्या ठिकाणचा, या मांडणीतूनच तिला ते कळले होते. संविधान, समता, शाळा, गावकुसाबाहेरचे जगणे यांवर मी धडे शिकवले आहेत. त्या वाक्याइतके नेमके उत्तर मला उत्तरपत्रिकेत कधी मिळाले नाही.

पुढे त्याच चित्रपटात बांधलेले डुक्कर खांद्यावरून नेताना ती माणसे शाळेच्या भिंतीपुढून जातात. भिंतीवर डॉ. आंबेडकर, सावित्रीबाई यांची चित्रे आहेत. कॅमेरा कुठेही बोट दाखवत नाही. भिंतीवरचे चेहरे आणि पुढून जाणारी माणसे एकाच चौकटीत आहेत, आणि त्यांचा एकमेकांशी काय संबंध आहे ते पाहणाऱ्याने पाहायचे आहे. चौकट म्हणजे काय, हे शिकवायला याहून चांगला पाठ मला माहीत नाही. आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो, तो सरळ आपल्या दिशेने. ‘तो दगड कुणाला मारला?’ असे विचारल्यावर वर्गात जो वाद झाला तो मी मधेच थांबवला नाही. अशा तासाला वर्गात जब्याच्या जागचे मूलही बसलेले असते आणि हसणाऱ्यांच्या जागचेही, हे शिक्षकाला सतत लक्षात ठेवावे लागते. म्हणूनच हा तास सीडी लावून बाहेर निघून जाण्याचा तास नाही. त्यासाठी तयारी लागते, आणि ती तयारी आज कोणत्याही डी.एड., बी.एड.मध्ये मनापासून करून घेतली जात नाही.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ मोठ्या मुलांसाठी आहे. व्हेनिसला त्याला पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे राष्ट्रीय सुवर्णकमळही मिळाले, आणि तरी आपल्याकडच्या कितीतरी प्रेक्षकांनी तो ‘संथ’ म्हणून अर्ध्यावर सोडला. संथ का वाटतो? कारण त्यात कॅमेरा बहुतेक वेळा लांब, एका जागी उभा असतो. न्यायालयाच्या खोलीत आपण मागच्या बाकावर बसल्यासारखे असतो. कुणाकडे पाहावे हे चित्रपट सांगत नाही, ते आपल्यालाच ठरवावे लागते. शेवटाकडे न्यायालयाला सुट्टी लागते, दिवे मालवतात, खोली काळोखात जाते. प्रेक्षकाला वाटते, संपला. पण चित्रपट पुढे चालू राहतो आणि सहलीला गेलेल्या न्यायाधीशांच्या मागे जातो. हे का केले असेल, यावर बारावीच्या मुलांना तासभर बोलता येते. ज्याला थांबून पाहण्याची सवय लागली आहे, त्याच्यासाठी हा चित्रपट संथ उरत नाही. सवय लागते ती सरावाने, आणि सरावाची जागा शाळा आहे.

कान तयार करण्यासाठी मी प्रभातच्या ‘कुंकू’कडे जाते. १९३७ साली व्ही. शांताराम यांनी तो पार्श्वसंगीताविना केला. त्यात जे ऐकू येते ते कथेतल्या वस्तूंचे आणि माणसांचे असते. ग्रामोफोन वाजतो तो त्या घरातला असतो. भिंतीवरचे घड्याळ नायिकेच्या म्हाताऱ्या नवऱ्याचे सरते आयुष्य मोजत राहते. मुलांना मी डोळे मिटायला सांगते आणि पाच मिनिटे नुसते ऐकायला लावते. मग आजच्या एखाद्या मालिकेची पाच मिनिटे तशीच ऐकवते. फरक मला सांगावा लागत नाही. संगीत सतत वाजत असले की आपल्याला काय वाटायला हवे हे दुसराच कुणीतरी ठरवतो, हे त्यांच्या लक्षात येते. यानंतर सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’तले ते दृश्य दाखवावे : लेक दुर्गा गेल्यानंतर बाप घरी येतो, तिच्यासाठी आणलेली साडी आईच्या हाती देतो, आणि आईचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही, त्याच्या जागी तारशहनाई वाजते. कुंकूनंतर हे दृश्य पाहणाऱ्या मुलाला संगीत कधी उगीच असते आणि कधी त्याच्याशिवाय दुसरे काहीच चालले नसते, हे वेगळे सांगावे लागत नाही.

संकलन शिकवायला तर एक मोबाइल पुरतो. शंभर वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्ह या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला आणि त्याच्या शेजारी कधी सूपची वाटी, कधी शवपेटी, अशी वेगवेगळी चित्रे जोडली. पाहणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी दुःख. आमच्या वर्गात एका मुलाचा कोरा चेहरा चित्रित केला. पुढे एकदा डब्यातली पोळी जोडली, एकदा रिकामा बाक. दुसऱ्या तुकडीला दाखवल्यावर तिथली मुले ठामपणे म्हणाली, ‘पहिल्यात त्याला भूक लागलीये, दुसऱ्यात त्याचा मित्र शाळा सोडून गेलाय.’ ज्याचा चेहरा होता तो मुलगा हसत होता. अर्थ दोन चित्रांच्या मधल्या सांध्यात तयार होतो, हे त्या दिवशी दोन्ही तुकड्यांना कळले. ज्या मुलाला हे कळले, त्याला उद्या मोबाइलवर एखाद्या दंगलीची, एखाद्या नेत्याच्या भाषणाची कापून जोडलेली चित्रफीत आली तर तो निदान एकदा विचारेल, या दोन तुकड्यांच्या मधे काय होते?

तरी या एका फायद्यासाठी ही मागणी मान्य करू नका, असे मी मुद्दाम सांगते. चित्रपट शिकवण्याचे समर्थन नेहमी अशा उपयोगांनी केले जाते : अफवा ओळखता येतील, मूल्ये रुजतील, करिअरच्या संधी मिळतील. कविता आपण उपयोगासाठी शिकवत नाही. सुंदर गोष्ट सुंदर का वाटते हे जाणून घेतल्याने माणसाचे आयुष्य मोठे होते, म्हणून शिकवतो. दामले आणि फत्तेलाल यांच्या ‘संत तुकाराम’मध्ये मूल आजारी पडल्यावर जिजाई विठोबालाच जाब विचारायला पायताण घेऊन देवळात शिरते. विष्णुपंत पागनीसांचा शांत तुकाराम आणि गौरीची ती रोखठोक जिजाई यांच्यामध्ये प्रेक्षकाचे मन सतत हेलकावत राहते. चित्रपट भक्ताच्या बाजूचा आहे, पण जिजाईलाही तो कमी लेखत नाही. हा तोल कसा साधला, हे पाहण्याचा आनंद हाच पुरेसा हेतू आहे. या चित्रपटाचा १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. तो पुण्यात तयार झाला. पुण्यातल्या किती शाळांतल्या मुलांनी तो मोठ्या पडद्यावर पाहिला असेल?

आता साधनांबद्दल. ‘कुंकू’ आणि ‘संत तुकाराम’ करणाऱ्या प्रभातची पुण्यातली जागा १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूटची आहे. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये पुण्यातच सुरू झाले; पी. के. नायर यांनी गावोगाव फिरून, भंगारात जाणारी रिळे वाचवून ते उभे केले. आज फाळक्यांच्या कामाचे जे अवशेष आपल्याला पाहायला मिळतात, त्यात त्यांचे मोठे श्रेय आहे. आस्वाद शिकवण्याची परंपराही याच शहरात रुजली. प्रा. सतीश बहादूर १९६० च्या दशकात इन्स्टिट्यूटमध्ये आले आणि ‘पथेर पांचाली’ एकेक शॉट सोडवून दाखवत त्यांनी पिढ्या घडवल्या. उन्हाळ्यात होणाऱ्या आस्वाद शिबिरांतून देशभरातले डॉक्टर, शिक्षक, पत्रकार नवी नजर घेऊन गेले. मुंबईत प्रभात चित्र मंडळासारख्या संस्थेने १९६८ पासून ही चळवळ मराठीत चालवली. पण हे सगळे ज्यांना पुणे-मुंबई गाठता येते अशा मोठ्यांसाठी होते. शाळकरी मुलांपर्यंत, गडचिरोलीच्या किंवा जतच्या वर्गापर्यंत ते पोचले नाही.

बालभारती, इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय ही तिन्ही पुण्यात पायी जाण्याइतक्या अंतरावर आहेत. इन्स्टिट्यूट आणि संग्रहालय केंद्राच्या अखत्यारीत येतात, त्यामुळे माहिती व प्रसारण मंत्रालयाशी आपल्यालाच बोलावे लागेल. ते आमच्या आवाक्याबाहेरचे आहे. राज्याच्या हातात मात्र बरेच आहे. मराठी चित्रपटांना सरकार अनुदान देते. ते योग्यच आहे. अनुदान घेणाऱ्या निर्मात्याने शाळांमध्ये विनामूल्य दाखवण्याची परवानगी द्यावी, एवढी अट घातली तर हक्कांचा प्रश्न निदान नव्या चित्रपटांपुरता सुटेल. चित्रपट तयार व्हायला आपण पैसा देतो, तो पाहणारा तयार व्हायला काहीच देत नाही. मग चांगल्या मराठी चित्रपटाला थिएटर मिळत नाही म्हणून दर वर्षी हळहळतो.

फ्रान्समध्ये १९९४ पासून प्राथमिक शाळेतल्या मुलांना शाळेच्या वेळेत थिएटरात नेऊन निवडक चित्रपट दाखवण्याचा आणि वर्गात त्यावर काम करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्यात मला आवडते ती गोष्ट म्हणजे मुले थिएटरात जातात. आपल्याकडे तालुक्याची जुनी चित्रपटगृहे बंद पडत आहेत. सकाळी दहा ते बारा ती तशीही रिकामी असतात. ज्या तालुक्यात अजून पडदा शिल्लक आहे, तिथे वर्षातून एकदा मुलांना अंधारात, एकत्र, मोठ्या पडद्यासमोर बसवता येईल. जिथे नाही तिथे शाळेचा प्रोजेक्टर आणि खिडक्यांना लावलेली सतरंजी चालते. मी तेच करते.

शिक्षकांचा आक्षेप मला माहीत आहे, कारण तो आमच्या शिक्षक खोलीतच ऐकला आहे : आधीच अभ्यासक्रम पुरा होत नाही, त्यात हे नवे. म्हणूनच नवे पुस्तक नको, नवा विषय नको, प्रश्नपत्रिकेत तर अजिबात नको. ज्या दिवशी ‘फँड्रीतील दगडाचे प्रतीक स्पष्ट करा’ हा पाच गुणांचा प्रश्न येईल, त्या दिवशी गाईडमध्ये त्याचे उत्तर छापून येईल आणि ती मुलगी जे स्वतः पाहून बोलली ते पुन्हा कुणी बोलणार नाही. पाच-दहा मिनिटांचे तुकडे, दोनदा पाहायचे, मग बोलायचे, आणि वर्षात एक पूर्ण चित्रपट. शिक्षकाने काय विचारावे याची एक बारीक पुस्तिका राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने काढावी. तिच्यात उत्तरे असू नयेत. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमध्ये उन्हाळी सुट्टीत आठवड्याभराचे प्रशिक्षण व्हावे, आणि त्यात पहिले तीन दिवस शिक्षकांनी नुसते पाहावे. आम्हीही कुठे शिकलो आहोत?

पहिल्या वर्षी एकच जिल्हा घ्या, आणि तो पुणे-मुंबईचा घेऊ नका. माझ्या शाळेत मी हे चालूच ठेवणार आहे. पण आज हा तास मला मुख्याध्यापकांकडून दर वेळी मागून घ्यावा लागतो, आणि तो माझ्या एकाच तुकडीला मिळतो. आपल्या विभागाचे एक परिपत्रक आले तर तो आमच्या सर्व तुकड्यांच्या वेळापत्रकात बसेल.

आपली नम्र,
मराठीची एक शिक्षिका